पाच आणे चार पै

वकीलबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, मिळकत पत्रिकेची प्रत टेबलावर तळहाताने सपाट केली आणि पेन्सिलीने एका नावापुढे बारीक टिंब दिलं.

"ए. कु. मॅ. हे पाहिलंत का तुम्ही?"

आमच्या मित्राने पाहिलं नव्हतं. जुनी घरं घ्यायची, नीटनेटकी करायची आणि विकायची, हा त्याचा गेल्या काही वर्षांचा उद्योग. वाळवी लागलेली तुळई तो नुसती बोटाच्या पेराने वाजवून ओळखतो. जोत्याच्या दगडात ओल किती वर चढली आहे हे सांगायला त्याला कुठलं यंत्र लागत नाही. पण ही साडेतीन अक्षरं त्याच्या नजरेखालून चार वेळा गेली होती आणि चारही वेळा सुखरूप निसटली होती.

"एकत्र कुटुंब मॅनेजर," बाई म्हणाल्या. "नाव एकाचं लागलंय, पण तो घरातल्या सगळ्यांच्या वतीने उभा आहे. सगळे म्हणजे कोण, ते या कागदावर नाही. आपलं काम तिथून सुरू होतं."

घर कृष्णाकाठच्या एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पेठ कळेल, पेठ कळली की घर कळेल. दुमजली, दगडी जोतं, सागवानी खांब, वर कडीपाट, मधे लहानसा चौक, मागे आड आणि आडाच्या कडेने जाणारा बोळ. विकणारे तिघे भाऊ. थोरले गावातच, मधले पुण्याला, धाकटे बडोद्याला. मित्राला घर बघताक्षणी आवडलं होतं. असं आवडणं या धंद्यात बरं नसतं, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. पुढचे पाच महिने मी त्याच्यासोबत कागदांमागे हिंडलो, तो हा हिशेब.

आधी धंद्याचं गणित. राहायला घर घेणारा माणूस एखाद्या अर्धवट कागदावर तीस वर्षं निवांत झोपू शकतो. कोणी विचारतच नाही. घर घेऊन वर्षभरात विकणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याच्या गिऱ्हाइकाला कर्ज लागतं, कर्जाला बँक लागते, आणि बँकेचा वकील तीच फाइल पहिल्या पानापासून वाचतो. तोवर याने रंग, फरशी, नळ, वायरिंग यांत पैसे घातलेले असतात आणि उसनवारीवर व्याज चढत असतं. मित्राच्या भाषेत सांगायचं तर, "मी घर माझ्यासाठी घेतच नाही. दोन वर्षांनी येणाऱ्या एका अनोळखी वकिलासाठी घेतो."

आपल्याकडे सगळा घोळ होतो तो एका समजुतीने. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे मालकी सरकारने तपासली, असं भल्याभल्यांना वाटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो; विकणाऱ्याकडे विकायला काही होतं की नाही, हे बघणं त्याच्याकडे सोपवलेलंच नाही. तामिळनाडूने नोंदणीच्या नियमांत एक कलम घालून मूळ मालकीचा पुरावा मागायला सुरुवात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. फेरफाराचंही तसंच. सातबारा काय, मिळकत पत्रिका काय, या महसुलाच्या नोंदी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५७ वं कलम त्या नोंदी खऱ्या धरून चालायला सांगतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी जन्मत नाही आणि नोंद नसल्याने मरतही नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगून झालंय की आता वकीलसुद्धा ते सांगताना जांभई देतात. लोक मात्र अजूनही "उतारा आमच्या नावचा आहे" एवढ्यावर विसार देऊन मोकळे होतात.

मिळकत पत्रिका वाचायची कशी, हे बाईंनी त्याला शाळेतल्यासारखं शिकवलं. वर सिटी सर्व्हे नंबर आणि चौरस मीटरमधलं क्षेत्र. मग धारणाधिकाराच्या रकान्यातलं अक्षर: ते शासनाने अटींवर दिलेल्या जमिनीचं निघालं तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्याखाली मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे. आणि मग खरी गंमत, म्हणजे तारीखवार नोंदींचा तक्ता. तिथे 'धा' म्हणजे धारक, 'भा' म्हणजे भार. एखाद्या पतसंस्थेचा बोजा चढलेला दिसला तर तो उतरल्याची ओळही खाली दिसली पाहिजे. कर्ज फिटलं आणि ओळ उतरवायची राहिली, अशी घरं शेकड्यांनी आहेत. संस्थाच अवसायनात गेली असेल तर दाखला आणायचा कोणाकडून, हा आणखी वेगळा वनवास.

शोध घ्यायला बाईंनी एका काकांना नेमलं. हयात सूचीच्या वह्या उलटण्यात गेलेला माणूस. आमच्या राज्यात नोंदणीचं संगणकीकरण 'सरिता' प्रणालीने २००२ मध्ये सुरू झालं. त्यापुढची सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली इंडेक्स टू, घरबसल्या बघता येते. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेलं. सर्च तीस वर्षांचा घ्यायचा, ही प्रथा मुदतीच्या कायद्यातून आलेली: सरकारला दाव्यासाठी तीस वर्षं, गहाण सोडवून घ्यायलाही तीस. बाईंनी मात्र काकांना साठ वर्षं मागे जायला सांगितलं. "तीस वर्षं बँकेसाठी," त्या म्हणाल्या, "पुढची तीस माझ्या झोपेसाठी."

काकांचा अहवाल वाचनीय होता. वर्षाला एक ओळ. निरंक. निरंक. निरंक. मग 'सूची क्र. २ ची काही पाने फाटलेली'. मग पुन्हा निरंक. मग 'रजिस्टर बांधणीस गेले असल्याने पाहण्यास मिळाले नाही'. निरंक म्हणजे त्या वर्षी या मिळकतीवर दस्त सापडला नाही. फाटलेल्या पानांचं वर्ष निरंक धरायचं का? मित्र म्हणाला, धरा. काका म्हणाले, धरू नका, त्या वर्षी काय झालं असेल त्याची सावली दुसऱ्या कुठल्यातरी कागदावर पडतेच. घरपट्टीच्या वहीत, सिटी सर्व्हेच्या चौकशी नोंदवहीत, शेजारच्या घराच्या खरेदीखतात. शेजारच्याचं खरेदीखत वाचायचं, हे मला तरी सुचलं नसतं. पण त्याच्या चतुःसीमेत 'पश्चिमेस' कोणाचं घर लिहिलंय, यावरून त्या साली आपल्या घराचा मालक कोण समजला जात होता ते कळतं. फाटलेल्या वर्षांच्या पुढेमागे शेजाऱ्यांचे दोन दस्त निघाले, दोन्हींत नाव एकच. काकांनी अहवालाच्या समासात तसं लिहिलं आणि सही केली.

मूळ खरेदीखत निघालं थोरल्यांच्या देवघरातल्या पत्र्याच्या पेटीतून. हे मूळ हाती असणं फार मोलाचं. मूळ दस्त 'सापडत नाही' म्हणाले की पहिली शंका घ्यायची ती तो कुठल्या तरी बँकेच्या तिजोरीत असल्याची. मालकीचे दस्त बँकेत ठेवून कर्ज काढायची रीत जुनी, आणि त्याची नोंद पूर्वी कुठेच होत नसे. महाराष्ट्राने २०१३ पासून त्याची सूचना निबंधकाकडे देणं बंधनकारक केलं, आणि बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे. त्याआधीच्या कर्जासाठी पेटीच उघडावी लागते.

पेटीतलं खरेदीखत १९२६ सालचं, मोडीत. घरातल्या कोणालाच ते वाचता येत नव्हतं. तिघे भाऊ ज्या कागदाच्या जोरावर घर विकत होते, तो त्यांच्या लेखी नक्षीकाम होतं. आजोबांनी व्यवहार ज्या लिपीत केले ती नातवंडांच्या पिढीत मेली, आणि घरोघरच्या पेट्यांत असे मुके कागद पडून राहिले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, जाणकारही आहेत. अशा एका निवृत्त मास्तरांकडे आम्ही गेलो. त्यांनी भिंग धरून, न अडखळता, खरेदीखत मोठ्याने वाचलं. मोडी वाचताना ऐकणं हा एक वेगळाच अनुभव. शब्द ओळखीचे, चाल शंभर वर्षं जुनी. चतुःसीमेपाशी मास्तर थांबले, एक ओळ पुन्हा वाचली आणि मित्राकडे पाहून म्हणाले, "आडाकडच्या बोळातून उत्तरेकडच्या घरवाल्यांची पाण्याला जायची वहिवाट आहे. ती अडवायची नाही, असं लिहून दिलंय."

मित्राने त्या बोळात दोन बाथरूम आखले होते. नकाशा काढून झाला होता, प्लंबरला आगाऊ रक्कमही गेली होती. आडाला आता पाणी नव्हतं, उत्तरेकडच्यांच्या घरी नळ होता, पण त्यांच्या म्हातारबुवांनी बोळात रोज तुळशीला पाणी घालायची रीत ठेवली होती. वहिवाट मोडली असं कोणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. बाथरूम चौकाच्या दुसऱ्या अंगाला गेले. मोजणी मागवली तेव्हा 'क' प्रतीच्या नकाशातही तो बोळ सरळ सामाईक दाखवला होता. म्हणजे मोडी येत नसली तरी मोजणी आधी मागवली असती तर प्लंबरचे पैसे वाचले असते, हे मी त्याला तेव्हा म्हणालो नाही.

बाकीच्या तपासण्या भराभर झाल्या. नगरपालिकेत मिळकत कराची थकबाकी, वरच्या मजल्याला परवानगी होती का, विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा घराच्या ओट्यावरून जाते की ओट्याला वळसा घालते. नुसत्या डागडुजीला कोणी हटकत नाही, पण दर्शनी भिंत पाडून नवी उभारायला गेलं की तीच रेषा आडवी येते. कोर्टात पक्षकारांच्या नावांनी दावे शोधले. इथे एक बारकावा मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीमुळे शिल्लक आहे: मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस नोंदवलेली असेल तरच पुढच्या खरेदीदाराला तो दावा बांधतो. त्यामुळे सूचीत लिस पेंडन्स हा शब्द निराळा शोधावा लागतो. आणि घरात भाडेकरू नाही म्हणतात, तर विजेचे मीटर मोजायचे. या घरात दोन होते. खालच्या खोलीत पूर्वी शिंपी बसायचा, तो कधीच गेलेला, मीटर राहिलेला. तो गेला नसता तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घराबरोबर तोही मित्राच्या पदरात पडला असता, आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा.

हे सगळं पेठेतलं. गावठाणात गेलं की कागदच पातळ होतात. कित्येक गावठाणांना मिळकत पत्रिका नव्हत्याच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी, तोच लोक मालकीचा दाखला म्हणून काढून दाखवतात. कर भरला म्हणून घर आपलं होत नाही. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजून सनदा वाटायला घेतल्या, तेव्हा कुठे हा पाया घातला जातोय. कोकणात उलट तऱ्हा. तिथे कागद जाड असतो. एका सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली डोंबिवली ते दुबई पसरलेली. घर आमचं म्हणणारा खरंच बोलतो, पण जोत्याखालची जमीन भावकीची. चौसोपी घर घेऊन होमस्टे करून विकायचा बेत घेऊन तिकडे गेलेले दोघेतिघे मला माहीत आहेत. ते आता आंबे विकतात.

आणि गोवा. पोर्तुगीज धाटणीची घरं दुरुस्त करून विकण्याचा धंदा आज गोव्याइतका कुठे तेजीत नसेल. तिथला कायदाच निराळ्या कुळातला: १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कुटुंबकायद्याने लग्नानंतरची मत्ता सहसा नवरा-बायको दोघांची मिळून होते. म्हणून पाच भाऊ विकत असतील तर पाच वहिन्यांच्या सह्याही लागतात. घराच्या आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने तिथे घर करून राहिलेला माणूस, असेल तर त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण. त्यातच पोर्तुगीज काळातले दस्त बनावट करून ओसाड घरं नि जमिनी बळकावल्याची प्रकरणं इतकी उघडकीला आली की सरकारने २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही. शंभर वर्षं जुना दिसणारा कागद शंभर वर्षं जुना असेलच असं नाही, ही गोष्ट तिथून शिकावी.

आता ए. कु. मॅ.

तिघांचे वडील १९९६ मध्ये वारले. आई त्याआधीच गेली होती. वारसनोंदीसाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात वंशावळ होती: आजोबा, त्यांच्याखाली वडील, त्यांच्याखाली तीन रेघा, तीन मुलगे. प्रत्येकाचा हिस्सा जुन्या वळणाने आण्यांत लिहिलेला, पाच आणे चार पै. तिगुणं केलं की सोळा आणे बरोबर जमतात. इतकं बरोबर जमलेलं बघून बाईंना संशय आला, की त्यांना उगाच सवय म्हणून आला, ते मला माहीत नाही. त्यांनी मित्राला सांगितलं, "कागद पुरे. आता त्या पेठेत जाऊन चहा प्या."

चहा उत्तरेकडच्या घरात मिळाला. तुळशीवाल्या म्हातारबुवांच्या सूनबाईंनी बशी पुढे सरकवत सहज विचारलं, "विकतायत होय? मग ताई येऊन गेल्या असतील. इंदुरासनं येणं होत नाही त्यांचं हल्ली."

ताई तिघांत थोरल्या. म्हणजे चौघांत.

भावांनी लबाडी केली, असं मला शेवटपर्यंत वाटलं नाही. थोरले तर विचारल्यावर गोंधळून म्हणाले, "तिचं लग्न केलं, सगळं दिलं. घरात कुठे असतं मुलींचं?" हा समज आकाशातून पडलेला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वारस केलं, पण त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागायची तिला मनाई होती. भावांनी मागितली तरच तिला मिळायची. ते कलम २००५ मध्ये गेलं. मधे महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हक्कदार, केलं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ताईंचं लग्न १९८४ चं. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल लागले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच आहे, बाप त्या तारखेला हयात असो वा नसो, असं सांगून तो वाद मिटवला. घरातल्या माणसांनी ही वळणं कुठून ठेवावीत ध्यानात? वारसनोंद करताना तिघांचीच नावं द्यावी, हे त्यांना सुचवलं ते अर्ज लिहून देणाऱ्याने. त्यालाही तसंच वाटत होतं.

बाईंनी कागदावर दोन हिशेब मांडले. जुन्या वाटेने गेलं तर वडील आणि तीन मुलगे असे चार वाटे, चार-चार आण्यांचे. वडिलांच्या चार आण्यांत चार वारस, म्हणजे ताईंना एक आणा. २०२० च्या निकालाने गेलं तर चौघं सारखी, ताईंना चार आणे. "पण सही एक आण्यालाही तेवढीच लागते," बाई म्हणाल्या.

व्यवहार जुळवणाऱ्या मध्यस्थाने आपल्या परीने तोड काढली. तिघांचंच खरेदीखत करू, ताईंचं मागाहून बघू, त्या कुठे इंदुराहून येतायत. आणि इतकी वर्षं त्या बोलल्या नाहीत, हक्क बुडाला असेल. बाईंनी त्याला बसवून घेतलं. एका सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो, नुसतं गप्प बसण्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने, कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या घरात एकत्र कब्जा मागता येत नाही, वाटणीचा दावा लावावा लागतो. "दाव्याला किती वर्षं लागतात ते तुम्हाला सांगू, की तुम्ही मला सांगता?" मध्यस्थ चहा न घेता गेला.

जाहीर नोटीसही दिली होती, तीही याच दिवसांत छापून आली. गहाण, दान, वारसा, पोटगी, वहिवाट असा कोणाचा कसलाही हक्क असल्यास चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावे. जिल्ह्याच्या पेपरात, आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. इंदूरला तो पेपर जात नाही. एकही हरकत आली नाही, आणि या नोटिशीवर कोणी किती विसंबावं हे तेवढ्यावरून समजावं.

इंदूरला फोन थोरल्यांनी केला. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मधल्या भावाचं म्हणणं होतं की ताईने हक्कसोडपत्र द्यावं, बहिणी देतातच. ताईंनी फोनवरच विचारलं, "सोडायला आधी लावलंत कुठे?" मग महिनाभर काहीच हललं नाही. मित्राने विसार परत मागायची तयारी केली. शेवटी धाकट्यांनी, बडोद्याहून, सरळ चौघांत वाटा मान्य असल्याचं लिहून पाठवलं आणि बाकीचे दोघे नरमले. ताईंचे चार आणे त्यांच्या खात्यावर थेट जातील, हक्कसोडपत्र वगैरे मधे काही नको, त्या खरेदीखतातच विकणाऱ्या म्हणून उभ्या राहतील, असं ठरलं. तिघांचे पाच आणे चार पै प्रत्येकी एक आणा चार पैने उतरले.

नोंदणीच्या दिवशी ताई आपल्या मुलीबरोबर आल्या. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उकडत होतं. अंगठ्याचं यंत्र त्यांचा ठसा घेईना. पोळ्या लाटून, भांडी घासून बोटांच्या रेघा पुसट होतात, तसं झालं होतं. ऑपरेटरने ओलं फडकं दिलं, तिसऱ्यांदा ठसा लागला. मग फोटो. मग दस्तावर सही.

दस्त टंकलेखकाकडून येताना विकणाऱ्यांची नावं थोरल्यांपासून लावून आली होती, ताई शेवटी. बाईंनी ते पान बाजूला काढून पुन्हा टाइप करायला पाठवलं होतं. "वयाप्रमाणे लावा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या पानावर आता 'लिहून देणार क्र. १' पुढे ताईंचं नाव होतं. थोरल्यांनी क्रमांक दोनपुढे सही केली आणि पेन मधल्याकडे दिलं.